आधी काटा, मग ट्रेलर

१९४७ सालचे एक अमेरिकन छायाचित्र प्रसिद्ध आहे. आल्फ्रेड लेतुर्नर हा फ्रेंच सायकलपटू सायकल मारतो आहे आणि सायकलच्या मागे जोडला आहे ॲल्युमिनियमचा चकचकीत एअरस्ट्रीम ट्रेलर. आत माणसे झोपू शकतील असे ते चाकांवरचे घर. एअरस्ट्रीम कंपनीने पुढे हेच दृश्य आपले बोधचिन्ह म्हणून वापरले. लेतुर्नर काही साधा सायकलस्वार नव्हता. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डजवळ, मोटारीच्या आडोशाने का होईना, त्याने ताशी १०८ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १७५ किलोमीटर वेग गाठला होता. तरीही त्या छायाचित्रात त्याच्या ताकदीपेक्षा चाकांची करामत अधिक आहे. सपाट, गुळगुळीत रस्त्यावर हजार किलोचा ट्रेलर हळूहळू चालता ठेवायला दहा ते पंधरा किलोचा जोर पुरतो. चाके आणि बेअरिंग चांगली असली की ओढणे फारसे कठीण नसते.

कठीण असते ते पुढचे. हाच ट्रेलर १०० मीटरला ६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नेला, तर आणखी ६० किलोचा जोर लागतो. ताशी ९० किलोमीटरच्या वेगाला हवेचा विरोध या सगळ्यावर मात करू शकतो. आणि त्या वेगात समोर अचानक वाहन थांबले, तर हे हजार किलो थांबवायचे असतात; शेजारून मोठा ट्रक गेला, तर ते ओळीत राखायचे असतात. ट्रेलर ओढण्याचे सगळे शास्त्र या दोन कामांभोवती फिरते. जाहिरातीत मात्र ठळक अक्षरांत छापलेली असते ती ओढण्याची क्षमता.

ही क्षमता वाचून फसगत होण्याची शक्यता कॅम्पर व्हॅनवाल्यांना सर्वांत जास्त. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

व्हॅन असताना ट्रेलर कशाला?

कॅम्पर व्हॅन म्हणजे मालवाहू व्हॅनच्या पोटात बसवलेले छोटे घर. जर्मनीत वेस्टफालिया कंपनीने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग आणि कपाटे बसवायला सुरुवात केली, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. आज अमेरिका-युरोपातल्या बहुतेक कॅम्पर व्हॅन मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट आणि फियाट ड्युकाटो या तीन गाड्यांवर बांधल्या जातात. ड्युकाटो उत्तर अमेरिकेत रॅम प्रोमास्टर या नावाने विकली जाते. आत दोन माणसांची झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, फ्रीज, पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, कधी शौचालय असा संसार असतो.

दोघांना तो पुरतो. मुले मोठी झाली, भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी आले, त्यांना घेऊन यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन पाहायला निघायचे ठरले, की झोपायच्या जागा मोजल्या जातात. मग विचार येतो तो छोट्या ट्रॅव्हल ट्रेलरचा. व्हॅनमागे तो जोडायचा, मुक्कामाला तो कॅम्पच्या जागेवर सोडायचा आणि दिवसभर व्हॅन घेऊन फिरायचे.

ही सोय खरोखर मोलाची आहे. मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कचे उदाहरण घ्या. तिथल्या ‘गोइंग-टू-द-सन’ या डोंगरी रस्त्याच्या मधल्या, सर्वांत सुंदर टप्प्यावर ६.४ मीटरपेक्षा लांब वाहनांना बंदी आहे. रुंदीची मर्यादा आरशांसकट २.४ मीटर. ट्रेलर जोडलेली कुठलीही व्हॅन या लांबीत बसत नाही. ट्रेलर खाली ठेवता आला, तर व्हॅन आखूड असेल आणि रुंदीतही बसत असेल तर तीच घेऊन वर जाता येते. एकाच मोठ्या मोटरहोममध्ये सगळा संसार असलेल्या कुटुंबाला ही मुभा नसते.

म्हणजे जोडी जमण्यासारखी आहे. ती जमवायची कशी, याची सुरुवात आकड्यांपासून होते.

शिल्लक किती, ते पाहा

व्हॅन बनवणारी कंपनी प्रत्येक गाडीला वजनाच्या काही मर्यादा ठरवून देते. यांतल्या चार आपल्या कामाच्या. पहिली, व्हॅनचे स्वतःचे सामानासकट कमाल वजन. दुसरी, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर येऊ शकणारा कमाल भार, दोन्हींचा वेगवेगळा. तिसरी, व्हॅन आणि ट्रेलर मिळून कमाल एकूण वजन. चौथी, हिचची, म्हणजे व्हॅनमागे ट्रेलर अडकवण्याच्या जोडणीची, मर्यादा: हिच किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते आणि आपल्यावर किती उभा भार पेलू शकते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुधा या चौथीतला असतो. रिकाम्या मालवाहू व्हॅनच्या बाबतीत तो प्रत्यक्षात वापरताही येतो.

कॅम्पर व्हॅन मात्र कधीच रिकामी नसते. लाकडी कपाटे, पलंग, फ्रीज, बॅटऱ्या, छतावरचे वातानुकूलन, चांदणी हे सगळे वजन कारखान्यातच चढलेले असते. त्यावर माणसे, कपडे, धान्य, भांडी, सायकली आणि पाणी. पाण्याचे वजन लिटरला एक किलो, म्हणजे ऐंशी लिटरची टाकी भरली की एक धट्टाकट्टा माणूस आणखी बसला असे समजा. गाडीच्या वजनाची उचल घर बांधण्यातच बरीचशी खर्च झालेली असते आणि ट्रेलरच्या वाट्याला उरलेले येते.

एक हिशेब मांडू. आकडे नमुन्यादाखल आहेत, पण मोठ्या व्हॅनवर बांधलेल्या कॅम्परला शोभतील असे. समजा व्हॅनचे कमाल वजन ४२०० किलो, व्हॅन आणि ट्रेलर मिळून कमाल ५२०० किलो आणि हिचवर छापले आहे १६०० किलो. खरेदीदार १६०० पाहतो आणि भरल्यावर १२५० किलो होणारा ट्रेलर घेतो. साडेतीनशे किलोची सवड आहे असे त्याला वाटते.

आता कुटुंब, पाणी, सामान आणि डिझेलसकट व्हॅन काट्यावर नेली आणि ती ४०५० किलो भरली. एकूण मर्यादेतून ती वजा केली, तर ट्रेलरसाठी उरतात ११५० किलो. म्हणजे १२५० किलोचा ट्रेलर शंभर किलोने जास्त झाला. हिचवरच्या १६०० या आकड्याला इथे काहीच अर्थ उरत नाही. शिवाय ट्रेलर आपल्या वजनाचा काही भाग हिचवर टाकतो. तो १२ टक्के धरला, तर दीडशे किलो व्हॅनच्याच वजनात मिळवावे लागतात. ४०५० अधिक १५० म्हणजे नेमके ४२०० किलो. ही दुसरी मर्यादाही काठोकाठ भरली. वाटेत कोणी दोन कलिंगडे घेतली तरी ती ओलांडली जाईल.

यात आणखी एक सापळा आहे. विक्रेता ट्रेलरचे वजन सांगतो ते बहुतेकदा कोरडे वजन, म्हणजे पाणी, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि नंतर बसवलेल्या सोयी यांच्याशिवायचे. प्रवासाला निघालेला ट्रेलर त्यापेक्षा दोनशे-तीनशे किलोंनी सहज जड असतो. म्हणून हिशेब नेहमी ट्रेलरच्या कमाल वजनावर करावा. आज अर्धा भरलेला ट्रेलर पुढच्या सहलीला पूर्ण भरला जातोच.

काट्यावर जाणे अमेरिकेत अगदी सोपे आहे. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे वजनकाटे असतात. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे मुख्यालय आयोवा राज्यातल्या वॉलकॉटला आहे. काट्याचे प्लॅटफॉर्म वेगवेगळे असल्याने पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी छापून मिळतात. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून वजन केले, की व्हॅनच्या दोन वजनांतला फरक म्हणजे हिचवरचा खरा भार. थोड्या डॉलरांत आणि अर्ध्या तासात सगळे अंदाज संपतात. कुटुंबाला घेऊन डोंगर चढण्यापूर्वी यापेक्षा चांगला खर्च मला दिसत नाही.

लांब शेपटीची अडचण

ट्रेलर ओढणाऱ्या कुठल्याही वाहनाला वरचा हिशेब लागू आहे. व्हॅनची स्वतःची अशी वेगळी अडचण तिच्या आकारात आहे. आतली जागा वाढावी म्हणून मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे, बाहेर गेलेला असतो. हिचचा बॉल, म्हणजे ज्यावर ट्रेलर बसतो तो गोळा, त्याच्याही मागे. त्यामुळे मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंतचे अंतर तरफेचे काम करते.

समजा पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर ४ मीटर आहे आणि मागच्या चाकांपासून बॉल १.२ मीटर मागे आहे. बॉलवर १५० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर १५० नव्हे, १९५ किलो वाढतात. जास्तीचे ४५ किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले गेलेले असतात. म्हणजे मागचे टायर अपेक्षेपेक्षा जास्त दबतात आणि ज्या पुढच्या चाकांनी गाडी वळवायची, त्यांची रस्त्यावरची पकड सैल होते. ड्युकाटो किंवा प्रोमास्टरसारख्या गाड्यांत इंजिनची ताकदही पुढच्याच चाकांना मिळते. ओल्या गवतावरून किंवा खडीच्या चढावरून ट्रेलर बाहेर काढताना अशा व्हॅनची पुढची चाके जागच्या जागी फिरू लागतात, ती याच कारणाने.

म्हणून एक सवय टाळावी. व्हॅनचे मागचे दरवाजे उघडताना ट्रेलरच्या पुढच्या जॅकला किंवा गॅस सिलिंडरच्या पेटीला आदळतात. मग काही जण हिचला लांबवणारा तुकडा लावून बॉल आणखी मागे नेतात. त्याने तरफ वाढते आणि हिचची क्षमताही घटते. दरवाजे उघडण्यासाठी ट्रेलर सोडावा लागला तरी चालेल, रोज लागणारे सामान बाजूच्या दारापाशी ठेवावे, पण बॉल जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा.

मागच्या ॲक्सलवर आलेला भार पुन्हा पुढे ढकलण्यासाठी स्प्रिंगसारख्या दांड्या असलेली खास हिच मिळते. मोठ्या पिकअप ट्रकांना ती सर्रास लावतात. मोनोकॉक बांधणीच्या, म्हणजे वेगळी चेसिस नसलेल्या, व्हॅनना ती लावायची की नाही, हे त्या-त्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. काही कंपन्या परवानगी देत नाहीत, कारण त्या दांड्यांचा ताण व्हॅनच्या चौकटीवर येतो.

बॉलच्या मापाकडेही लक्ष हवे. अमेरिकेत १ ७⁄८, २ आणि २ ५⁄१६ इंचांचे बॉल वापरात आहेत. युरोपात ५० मिलिमीटरचा. लहान बॉलवर मोठ्या मापाचा कप्लर, म्हणजे बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी, वरवर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून बाहेर येतो.

हेलकावे का येतात

ट्रेलरवाल्यांना सर्वांत जास्त धास्ती हेलकाव्यांची. सरळ रस्त्यावर, वेगात असताना ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, झोके वाढत जातात आणि शेवटी तो व्हॅनलाही आडवे पाडू शकतो. हे का घडते ते कळले, की टाळण्याचे उपायही आपोआप सुचतात.

ट्रेलर बॉलभोवती फिरू शकतो. तसा फिरला नाही तर वळणच घेता येणार नाही. शेजारून ट्रक पुढे जाताना त्याच्या नाकापुढची दाबलेली हवा आधी ट्रेलरची मागची बाजू बाहेर ढकलते आणि मग त्याच्या बाजूची कमी दाबाची हवा ती आत ओढते. एवढ्याने पहिला झोका मिळतो. ट्रेलर तिरपा झाला की त्याचे टायर आडव्या हालचालीला विरोध करतात आणि झोका विझवतात. पण हा विरोध ठरतो टायर आपल्या दिशेशी किती कोन करून चालला आहे यावर, आणि हा कोन म्हणजे आडवी गती भागिले पुढची गती. पुढची गती दुप्पट झाली, तर तेवढ्याच आडव्या हालचालीचा कोन निम्मा होतो आणि झोका विझवण्याची ताकदही निम्मी. वेग वाढवत नेला की एक क्षण असा येतो, की झोका विझण्याऐवजी वाढू लागतो. प्रत्येक व्हॅन-ट्रेलर जोडीची अशी एक वेगमर्यादा असते. ती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नसते. आपण ट्रेलर कसा भरतो यावर ती ठरते.

सर्वांत जास्त फरक पाडतो वजनाचा तोल. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. माल मागे लादला, तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठते. सगळा पुढे लादला, तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरमध्ये वजन मागे गेले, तर हिचवरचा भार कमी होतो आणि हेलकाव्यांची शक्यता झपाट्याने वाढते. अमेरिकेत म्हणूनच ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर असावा असे सांगतात. युरोपातले ट्रेलर वेगळ्या पद्धतीने बांधलेले असतात आणि वेगमर्यादाही कमी असतात, त्यामुळे तिथे ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास भार ठेवतात. एका खंडातला नियम दुसऱ्या खंडातल्या ट्रेलरला सरसकट लावणे धोक्याचे आहे.

टक्केवारी जमली म्हणजे सगळे जमले, असेही नाही. समजा मागच्या बंपरवर चार सायकली टांगल्या आणि त्यांचा तोल साधायला पुढच्या टोकाला दोन जड बॅटऱ्या ठेवल्या. हिचवरचा भार बरोबर १२ टक्के येईल. पण वजन दोन्ही टोकांना गेल्याने ट्रेलर एकदा फिरू लागला की त्याला थांबवणे अवघड होते. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या जवळ, शक्य तितक्या खाली आणि किंचित पुढे ठेवाव्यात. पाण्याची टाकी कुठे आहे तेही पाहावे. ती ॲक्सलच्या मागे असेल, तर भरलेल्या टाकीने तोलच बदलतो.

व्हॅनची लांब शेपटी इथेही आडवी येते. बॉल मागच्या चाकांपासून जितका दूर, तितका ट्रेलरचा झोका व्हॅनची मागची बाजू जास्त सहज हलवतो. दुसऱ्या बाजूने, भरलेली कॅम्पर व्हॅन चांगली जड असते आणि तिच्या चाकांतले अंतर मोठे असते. या दोन्ही गोष्टी तिला स्थिर ठेवतात. कमी वजनाच्या मोटारीमागे जो ट्रेलर अस्वस्थ वाटेल, तो व्हॅनमागे शांत चालू शकतो. उंच छतामुळे ट्रेलरला हवेचा आडोसाही मिळतो, त्यामुळे ट्रेलरने वाढवलेला हवेचा विरोध मोटारीच्या तुलनेत कमी पडतो.

हेलकावे सुरू झालेच, तर हात आवरावेत. स्टिअरिंग सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा. व्हॅनचा ब्रेक जोरात दाबू नये. तसे केले तर ट्रेलर मागून ढकलत येतो आणि झोका आणखी मोठा होतो. ट्रेलरला विद्युत ब्रेक असतील, तर चालकाजवळच्या कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मागून ओढ बसली की ट्रेलर परत ओळीत येतो. गाडी शांत झाल्यावर सुरक्षित जागी थांबून सामानाचा तोल बदलावा. तसेच पुढे जाणे म्हणजे पुन्हा तोच धोका पत्करणे.

थांबणे आणि उतरणे

गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ९० वरून ११० किलोमीटरवर गेले, की ती जवळजवळ दीडपट होते. व्हॅनचे ब्रेक व्हॅनच्या वजनासाठी बनवलेले असतात, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. अमेरिकेत अनेक राज्यांत सुमारे १३६० किलोंपासून ते सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात त्याच्या निम्म्या वजनापासून. युरोपात ब्रेकविना ओढता येणाऱ्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो.

अमेरिकन ट्रेलरमध्ये १२ व्होल्टवर चालणारे विद्युत ब्रेक असतात. ब्रेक ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. व्हॅनमधला कंट्रोलर त्याला प्रवाह देतो, तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो आणि ड्रमबरोबर ओढला जाताना एक दांडी फिरवतो. त्या दांडीने ब्रेकशू पसरतात. चांगला कंट्रोलर व्हॅनचा वेग किती झपाट्याने कमी होतो आहे ते ओळखून तेवढाच प्रवाह सोडतो. युरोपात वेगळी युक्ती आहे. व्हॅन मंदावली की ट्रेलर तिला मागून ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात.

दोन्ही पद्धतींत एक तार महत्त्वाची असते. ट्रेलर हिचमधून निसटलाच, तर ती तार ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ही तार थेट व्हॅनला अडकवावी, सुरक्षा साखळीला नव्हे. साखळ्या कप्लरखाली एकमेकींवरून तिरप्या टाकून लावतात. ट्रेलरचे नाक निसटले तर त्या तिरप्या साखळ्यांवर विसावते आणि रस्त्यात रुतत नाही.

उताराचा हिशेब पाहिला की इंजिनने वेग रोखणे का हवे, ते स्पष्ट होते. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहावर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंचीवर आहे. त्याच्या पश्चिमेला सिल्व्हरथॉर्न गाव त्याहून जवळजवळ साडेसातशे मीटर खाली. ५५०० किलोची जोडी एवढी उतरताना जी ऊर्जा सोडते, ती अकरा युनिट विजेइतकी भरते. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. बाकी सगळी ऊर्जा ब्रेकांत उष्णता बनून साचली, तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून अशा रस्त्यांच्या कडेला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे चढ बांधलेले असतात. उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी खालच्या गिअरमध्ये टाकावी, ट्रेलर ओढण्यासाठीचा ‘टो मोड’ असेल तर तो लावावा आणि वेग वाढला की ब्रेक थोडा वेळ ठामपणे लावून सोडावा. सतत हलका ब्रेक धरून ठेवू नये. त्याने ब्रेकना थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

चढावर उलटी गोष्ट. तीन हजार चारशे मीटरवर हवा समुद्रसपाटीच्या जवळजवळ सत्तर टक्केच दाट असते. टर्बो नसलेले इंजिन तिथे बरीच ताकद गमावते. मागचे वाहनचालक कंटाळले तरी चालेल. उजव्या लेनमध्ये राहून गिअर खाली आणावा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

ट्रेलर जोडल्यावर कप्लरची कडी लागली आहे असे वाटते, पण कप्लर बॉलवर नुसता टेकलेलाही असू शकतो. खात्री करायची सोपी रीत अशी: कडी लावून जॅकने ट्रेलरचे नाक थोडे वर उचलावे. कप्लर नीट बसला असेल, तर व्हॅनची मागची बाजूही वर उचलली जाते. मग साखळ्या, सुरक्षा तार, विजेचा प्लग, दिवे आणि इंडिकेटर तपासावेत. चालीच्या वेगाने पुढे येऊन फक्त ट्रेलरचा ब्रेक एकदा लावून पाहावा. आरसे एवढे बाहेर हवेत की ट्रेलरच्या दोन्ही बाजू दिसतील. पहिल्या पन्नास-ऐंशी किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट आणि हिच पुन्हा तपासावी.

ट्रेलरचे टायर वर्षातले बरेच महिने उन्हात उभे असतात आणि वापरापेक्षा वयाने आधी झिजतात. टायरच्या कडेवर चार आकड्यांची खूण असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी चांगली दिसली तरी ते बदलावेत. हवा कमी असलेला टायर महामार्गावर तापतो आणि फुटतो, म्हणून दाब सकाळी, टायर थंड असताना तपासावा.

रिव्हर्स घेणे नवख्यांना छळते. एक साधी युक्ती उपयोगी पडते: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकावर ठेवावा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला हात सरकवावा. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा चटकन वळतो, म्हणून हालचाल अगदी थोडी ठेवावी. कोणीतरी मागे उभे राहून खुणा करत असेल तर त्या माणसाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहायला सांगावे, आणि तो दिसेनासा झाला की गाडी थांबवावी. प्रवासात ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि कुठेही सुरक्षित नाही.

वेगाचे कायदे

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर ही मर्यादा आहे. शेजारच्या मोटारींना ती नसते. जर्मनीत वेगासाठी प्रसिद्ध असलेल्या ऑटोबानवरही ट्रेलरला ८० किलोमीटरची मर्यादा आहे. वाहन, ट्रेलर आणि टायर विशिष्ट अटींत बसत असतील तरच १०० ची परवानगी मिळते, आणि त्या अटींपैकी एक म्हणजे ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल, आणि तीन किंवा अधिक लेन असतील तर सर्वांत उजवीकडच्या लेनमध्ये ट्रेलरला मज्जाव. या मर्यादा हेलकाव्यांच्या शास्त्राशी जुळतात. हवेचा विरोधही वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो आणि डिझेलही जास्त जळते.

परवान्याचे नियमही देशागणिक वेगळे आहेत. युरोपात व्हॅन आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या पुढे गेले की बहुतेकदा जास्तीची परीक्षा किंवा परवाना लागतो. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या मोटारीच्या परवान्यावरही साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी दिली. परवाना मिळाला म्हणजे सराव आपोआप होत नाही. रिकाम्या मैदानात एक दिवस घालवणे दोन्हीकडे सारखेच आवश्यक आहे.

महाराष्ट्रातही ही चर्चा आता दूरची राहिलेली नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले, आणि घरासारखी गाडी घेऊन कोकणात किंवा भंडारदऱ्याला जाण्याची कल्पना लोकांना पटू लागली आहे. आपल्या घाटांत वळणे आय-७० पेक्षा कितीतरी तीव्र आहेत आणि समोरून येणारी एसटी आपली लेन सोडेलच असे नाही. इथे ट्रेलर ओढायचाच झाला, तर त्याचे ब्रेक, टायर आणि तोल यांच्याबाबत कोलोरॅडोपेक्षा जास्तच काटेकोर राहावे लागेल.

खरेदीचा क्रम

बहुतेक जण आधी ट्रेलर पसंत करतात, मग हिच बसवतात आणि शेवटी वजनाची शंका घेतात. हा क्रम उलटा करावा. प्रथम व्हॅन कुटुंबासकट, पाणी-सामान भरून, टाकी भरून काट्यावर न्यावी. एकूण मर्यादेतून ते वजन वजा करावे. उरलेल्यातून किमान दहा टक्के राखून ठेवावेत. जे उरेल, त्यात कमाल वजन बसणारा ट्रेलर शोधावा, आणि हिचवरच्या भारासाठी व्हॅनच्या मागच्या ॲक्सलवर जागा आहे ना, तेही पाहावे. बऱ्याच कॅम्पर व्हॅनवाल्यांना या हिशेबात पाचशे ते नऊशे किलोचा ‘टिअरड्रॉप’ जातीचा छोटा ट्रेलर बसेल, पण बंक-पलंग आणि स्नानगृहाचा मोठा ट्रेलर बसणार नाही.

आकडा अपुरा पडला तर वाईट वाटून घेऊ नये. आई-वडिलांसाठी कॅम्पजवळची केबिन भाड्याने घेता येते, मुलांना तंबू आवडतो, आणि पाण्याची टाकी घरी न भरता मुक्कामाला भरली तर ऐंशी किलो वाचतात. ट्रेलर ओढणारा माणूस रस्त्यावर एकटा नसतो. त्याच्या मागे आणि शेजारी इतरांची मुले बसलेल्या गाड्या चालत असतात, आणि त्याच्या हिशेबातली चूक त्यांच्यावरही कोसळू शकते. म्हणून व्हॅनचे खरे वजन हातात नसेल तोपर्यंत ट्रेलरच्या दुकानात पाऊलही टाकू नये, असे मी ठामपणे सांगेन.